प्रश्नोत्तरं : मर्सिडीज ५४०के आणि रंगाची जाडी

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक एकाच गाडीभोवती फिरतात: मर्सिडीज-बेंझ ५४०के. ही गाडी १९३६ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. एका ओळीत आठ सिलिंडरांचं ५.४ लिटरचं इंजिन होतं आणि नावातला 'के' हा कॉम्प्रेसरचा. पेडल तळापर्यंत दाबलं की कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, जोडला जाई आणि ११५ अश्वशक्तीचं इंजिन १८० वर पोचे. बॉडी मुख्यतः श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेन कारखान्यात बनत. किट जोडून, रंगवून छोट्या गाड्या बनवणाऱ्या मॉडेलवाल्यांना ही गाडी भुरळ घालते ती लांबलचक बॉनेट, वाहते मडगार्ड आणि क्रोम यांमुळे. नेमकी तीच तीन ठिकाणं त्यांना रडवतातही.

बाजारात १/२४ आणि १/८ अशी दोन्ही किटं दिसतात. कोणतं घ्यावं? आणि बॉक्सवरच्या 'कॅब्रिओलेट ए', 'बी' यांचा अर्थ काय? (पुणे)

पहिलंच मॉडेल असेल तर १/२४, म्हणजे अस्सल गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं, घ्या. अस्सल ५४०केच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३,२९० मिलिमीटर होतं. १/२४ मध्ये ते १३७ मिलिमीटर भरतं, म्हणजे पूर्ण गाडी साधारण २२ सेंटिमीटरची होते आणि पुस्तकांच्या कपाटात मावते. १/८ मध्ये हेच अंतर ४११ मिलिमीटर होतं आणि गाडी ६५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. तिला कपाट नाही, टेबल लागतं. मोनोग्राम कंपनीने ही गाडी १/२४ मध्ये काढली होती, इटलीच्या पोखेर कंपनीने १/८ मध्ये. पोखेरचं किट हे वेगळंच प्रकरण आहे, त्याबद्दल शेवटी.

अक्षरांचा अर्थ सोपा आहे. मर्सिडीजच्या नामकरणात 'ए' म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी. 'बी' म्हणजे दोन दारं, चार आसनं आणि मागच्या आसनांनाही काचा. 'सी'मध्ये आसनं चारच, पण मागच्या बाजूला काच नाही, तिथे टपाचं कापड येतं. 'डी'ला चार दारं. किट उघडल्यावर अक्षरापेक्षा काचांची चौकट पाहा. बॉक्सवरचं चित्र एका बॉडीचं आणि आतला साचा दुसऱ्याच बॉडीचा असं जुन्या किटांत होतं. चित्र पाहून इंटरनेटवरून अस्सल गाडीचे फोटो जमवलेत तर टपाशी येऊन अडकाल.

रंगवण्याआधी बॉनेट आणि दारं अलगद बसत होती. रंग आणि क्लिअर कोट झाल्यावर बॉनेट अर्धवट वर राहते, जोर दिला तर कडेचा रंग टवका होऊन उडतो. चूक कुठे झाली? (इचलकरंजी)

चूक रंगवताना झालेली नाही, त्याच्या आधी झाली आहे. या अंकातल्या निम्म्या पत्रांचं उत्तर इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

प्रायमरचे दोन हात, रंगाचे तीन, वर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक चकचकीत थराचे, दोन-तीन: एवढं झालं की एका पृष्ठभागावर साधारण ०.१ मिलिमीटरचा थर बसतो. ऐकायला काहीच नाही. पण फट म्हणजे समोरासमोरच्या दोन कडा. दोन्ही कडांवर रंग चढला की ०.२ मिलिमीटर गेला. हात थोडा जड असेल तर ०.३. किटमध्ये बॉनेटची फट तेवढीच असते. शिवाय १/२४ चा हिशोब लावा: ०.१ मिलिमीटर म्हणजे अस्सल गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप. एवढ्या लेपाखाली कुठल्याही गाडीची धार बोथटच होणार.

म्हणून रंगाआधी फट मोजायची. त्यासाठी महागडं उपकरण नको. फोटोकॉपीचा साधा ८० ग्रॅमचा कागद जवळजवळ बरोबर ०.१ मिलिमीटर जाड असतो. बॉनेट कोरडीच बसवा आणि फटीतून कागदाच्या दोन पट्ट्या एकत्र ओढा. न अडकता सरकल्या पाहिजेत, तीन सरकल्या तर उत्तम. अडकल्या तर बॉनेटच्या आतल्या कडेवरून ४०० चा वॉटर पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून फिरवा. बाहेरच्या कडेला हात लावू नका. आतून तिरकी घासलीत तर फट बाहेरून बारीकच दिसते आणि आत रंगाला जागा मिळते. दारांना बिजागरीच्या बाजूने जास्त जागा द्या, कारण दार उघडताना ती कड आत वळते.

दुसरी तयारी म्हणजे रेषा. बॉनेटच्या मधली रेषा, दारांच्या रेषा, बॉनेटच्या बाजूच्या झडपा, सगळ्यांतून नवीन ब्लेडची मागची बाजू किंवा स्क्राइबर (रेषा कोरायचं टोकदार हत्यार) दोन-तीनदा हलक्या हाताने ओढा. साच्यातून आलेल्या रेषा उथळ असतात. रंगाच्या चौथ्या हाताला त्या भरून जातात आणि मग गाडी साबणाची वडी दिसते.

आता अडकलेल्या बॉनेटचं काय? पेचकस घालून उचकटू नका. नव्या ब्लेडने फटीच्या बाजूने रंगाचा पापुद्रा आधी चिरा, म्हणजे टवका चिरेपाशीच थांबेल. बॉनेट काढून आतल्या कडेवर १००० चा पेपर ओला करून घासा, उघडी पडलेली कड बारीक ब्रशने त्याच रंगाने पुसा. पुन्हा क्लिअर मारायची गरज नाही.

पावसाळ्यात स्प्रे केला की काळ्या रंगावर दुधी साय धरते. घरात बसूनच करतो, पाऊस अंगावर येत नाही. (रत्नागिरी)

पाऊस अंगावर यायची गरज नाही, हवाच पुरते. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. थंड झालेल्या त्या रंगावर हवेतली वाफ दवासारखी धरते, ओल्या थरात अडकते आणि पांढरी दिसते. जुलैत कोकणात हवेतला दमटपणा नव्वदीच्या आसपास असतो, तिथे हे न झालं तरच नवल.

आर्द्रता मोजायचा छोटा काटा घ्या आणि ६५ टक्क्यांच्या वर लॅकरला हात लावू नका. घरात एसी असेल तर तो तासभर 'ड्राय'वर चालवून खोली कोरडी करा, मग बंद करून रंगवा. चालू ठेवलात तर धूळ फिरते. थिनरमध्ये रिटार्डर घाला, साधारण दहा भागांना एक, म्हणजे थर सावकाश वाळतो आणि तितका थंड पडत नाही. एअरब्रशला (रंग फवारायच्या बारीक पिस्तुलाला) हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला पाणी धरणारी वाटी असेल तर दर दहा मिनिटांनी ती रिकामी करा. स्प्रेचा डबा वापरत असाल तर तो आधी कोमट पाण्यात, चाळीस अंशांच्या आत, पाच मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ कधीही नको. तो फुटतो.

आधीच धरलेली साय बहुतेक वेळा परत जाते. कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेला नुसता थिनर लांबून भुरभुर मारा. वरचा थर क्षणभर मऊ होतो आणि अडकलेलं पाणी सुटतं. ओघळ येईल इतका मारू नका.

एक सूचना न विचारता: हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त म्हणून रंगात मिसळू नका. तो उघड्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, खातो, प्रायमरच्या पातळ जागेतून आत शिरतो आणि मडगार्डच्या वळणावर सुरकुत्या उठवतो. एअरब्रश धुवायला मात्र तो उत्तम.

क्लिअर कोट नंतर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. (नागपूर)

तुमच्या गावाला शोभणारी अडचण! रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचेपर्यंत अर्धे वाळले की ते पसरत नाहीत आणि साल तयार होते. उन्हाळ्यात नागपुरात हवा तापलेली, त्यात अंतर जास्त आणि रंग घट्ट, म्हणजे सगळी कारणं हजर. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला लॅकर दुधाइतकं पातळ हवं, दाब १५ ते १८ पीएसआय आणि अंतर ८ ते १० सेंटिमीटर. पहिला हात भुरभुरता, दहा मिनिटांनी दुसरा किंचित ओला.

आलेली साल घासून जाते, पण थर पुरेसा असेल तरच. किमान आठवडाभर वाळू द्या. मग २००० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून एकाच दिशेने, नंतर ३०००, नंतर पॉलिशिंग कंपाउंड जुन्या मऊ बनियनच्या तुकड्याने. ५४०केच्या मडगार्डच्या माथ्यावर आणि बॉनेटच्या मधल्या शिरेवर पेपर फिरवू नका. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, दोन फेऱ्यांत प्रायमर डोकावतो. त्या जागांवर आधी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा, बाकी झाल्यावर काढून नुसत्या कंपाउंडने हात फिरवा.

आणि अतिचकाकी टाळा. त्या काळातला सेल्युलोजचा रंग हातांनी घासून चमकवलेला असे. त्याची झळाळी खोल असते, आरशासारखी कडक नसते. आजच्या टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) क्लिअरचा जाड काचेसारखा थर चढवला की १९३७ ची गाडी शोरूममधली खेळणी दिसते. रुपेरी रंगाबाबतही तेच: मोटारीच्या रंगाच्या दुकानातल्या स्प्रेमधला ३० मायक्रॉनचा कण १/२४ मध्ये पाऊण मिलिमीटरचा वाटतो, म्हणजे गाडीवर भुरभुरलेली चमकी. मॉडेलसाठी बनवलेला बारीक कणांचाच घ्यावा.

किटमधलं क्रोम फार भडक आणि जाड दिसतं. चौकटीपासून तोडल्यावर पांढरे ठिपके राहतात. ते काढून नवीन करावं का? (नाशिक)

५४०केच्या बाबतीत होय, निदान पुढच्या तोंडापुरतं तरी. रेडिएटरची चौकट, हेडलाइट, बंपर आणि विंडस्क्रीनची पट्टी, या चार गोष्टींकडे नजर आधी जाते.

किटमधलं क्रोम म्हणजे खाली वार्निशचा थर आणि त्यावर निर्वातात चढवलेलं ॲल्युमिनियम. म्हणून ते दोन टप्प्यांत निघतं. ॲल्युमिनियम घरगुती ब्लीचच्या द्रावणात, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, पंधरा मिनिटांपासून दोन-तीन तासांत विरघळतं. झाकण असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हे द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडजवळही येऊ देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवघेणा आहे. डबा मोरीत ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

भाग पांढरे झाले म्हणून काम संपलं असं समजू नका. खालचं पिवळसर वार्निश तसंच आहे आणि तेच तर धारा बोथट करत होतं. भाग धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. काही किटांत ते सहज सुटतं, काहींत दोन रात्री लागतात. मग साच्याच्या कडा कानसून काढा, चौकटीपासून (स्प्रूपासून) तोडल्याचे डाग ६०० आणि १००० च्या पेपरने घालवा. क्रोमखालचा ओरखडा क्रोमनंतर दुप्पट मोठा दिसतो.

नवीन क्रोमला खाली चकचकीत काळा रंग लागतो, आणि तो पूर्ण वाळलेला. एनॅमल असेल तर किमान दोन दिवस. त्यावर अल्क्लॅड कंपनीचा क्रोमचा रंग १२ ते १५ पीएसआयवर, पाच-सात सेंटिमीटरवरून, तीन-चार अगदी पातळ हातांत. काळेपणा जाऊन आरसा येतो त्या क्षणी थांबा. आणखी एक हात मारलात की आरशाचं राखाडी ॲल्युमिनियम होतं. वर क्लिअर मारू नका, चमक मरते. एअरब्रश नसेल तर मोलोटोचं लिक्विड क्रोमचं पेन हेडलाइटच्या कड्यांना आणि दारांच्या मुठींना पुरेल. ते वाळलंय असं दुसऱ्या दिवशी वाटतं, पण बोट लागलं की ठसा उमटतो आणि चमक परत येत नाही. तीन-चार दिवस डब्यात झाकून ठेवा आणि बसवताना चिमटा वापरा.

बॉडीच्या कडेने धावणाऱ्या पट्ट्यांना पेन नको, तिथे चिकट ॲल्युमिनियम फॉइल. पट्टीपेक्षा रुंद तुकडा लावा, कापूस गुंडाळलेल्या काडीने दाबून कोपऱ्यांत बसवा आणि नव्या ब्लेडने नुसत्या ब्लेडच्या वजनाने कापा. ब्लेड दर गाडीला किमान तीनदा बदला. बोथट ब्लेड फॉइल कापत नाही, फाडतं.

शेवटचं: क्रोमच्या चौकटीवर आहे म्हणून प्रत्येक भाग क्रोमचाच ठेवायचा नसतो. सस्पेन्शनचे दांडे, जॅकचे भाग यांवरचं क्रोम काढा आणि काळे करा. आणि जो भाग क्रोमसकट ठेवाल त्याच्या सांध्यावरचं क्रोम खरवडा. प्लॅस्टिक सिमेंट क्रोमला चिकटत नाही, म्हणून बंपर सहा महिन्यांनी गळून पडतात.

फेविक्विकने विंडस्क्रीन बसवली, दुसऱ्या दिवशी काच पांढरी. (सोलापूर)

सायनोॲक्रिलेटची वाफ काचेवर बसून घट्ट झाली आहे. वरवर असेल तर ३००० चा पेपर आणि कंपाउंड घेऊन घासा. पुढच्या वेळी साधं फेविकोल. वाळल्यावर पारदर्शक होतं आणि जास्तीचं ओल्या काडीने पुसता येतं. गाडीच्या आत कुठेही फेविक्विक वापरायचं असेल तर ते काच बसवण्याच्या दोन दिवस आधी.

दहा वर्षांपूर्वी केलेल्या मॉडेलची चाकं काढायला गेलो तर टायर रिमला वितळून चिकटलेले. उष्णतेने असं होतं का? (बेळगाव)

उष्णता मदत करते, पण मूळ कारण टायरमध्येच आहे. हे टायर मऊ पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात घातलेलं प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर पाझरतं आणि पॉलिस्टायरीन विरघळवतं. ५४०केला हे दुहेरी नडतं, कारण सुटं चाक पुढच्या मडगार्डच्या खळग्यात वर्षानुवर्षं टेकून असतं आणि मडगार्डचा रंगही खातं.

नवं किट करताना रिम आणि टायर यांच्यामध्ये फॉइलचा एक वेढा द्या. पातळ असल्यामुळे टायर अडत नाही. सुट्या चाकाखालच्या खळग्यातही फॉइलचा तुकडा लावा, तो दिसत नाही. रंगानंतर तिथेही जागा कमी पडते, म्हणून खळगा आधीच थोडा खोल घासून घ्या. खराब झालेल्या रिमवर चिकट भाग खरवडून लांबी (पुट्टी) भरा, दोन दिवसांनी घासा. आरे खराब झाले असतील तर मात्र ते चाक भिंतीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूला ढकलणं हाच शहाणपणा.

आऱ्यांचा विषय निघालाच आहे तर: चाकाचे क्रोमचे आरे एकसंध पत्र्यासारखे दिसतात. काळ्या एनॅमलचा एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइनचे आठ-दहा भाग असं पाणी करून आऱ्यांच्या खाचांत सोडा, दहा मिनिटांनी वरचं कापसाच्या काडीने पुसा. खोली लगेच येते.

चौथं चाक टेबलाला टेकत नाही. (सांगली)

चेसिस टेबलावर जोडली असणार. टेबल सपाट नसतं, काच असते. किमान पाच मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा घ्या, त्याखाली आलेख कागद ठेवा आणि त्याच्या रेषेवर चेसिसच्या दोन्ही बाजू ठेवून सिमेंट वाहू द्या. वर एखादा जड शब्दकोश ठेवून रात्रभर हलवू नका. माळ्यावर पडून वाकलेली चेसिस असेल तर ७०-८० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, काचेवर दाबा आणि थंड पाणी सोडा.

आस बसवल्यावर दोन मापं घ्या: डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, दोन्हीकडे १३७ मिलिमीटर, आणि दोन्ही कर्ण सारखे. कर्ण वेगळे तर गाडी खेकड्यासारखी चालणार, नुसती उभी असतानाही ते दिसतं.

एक बारकावा: ५४०केच्या मागच्या बाजूला सलग आस नाही. स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही अर्धे आस मधल्या डिफरन्शियलपाशी वाकतात. मागचं वजन कमी असेल तर चाकांचे तळ एकमेकांकडे झुकतात. किटमध्ये मागची चाकं किंचित तिरकी बसली तर लगेच सरळ करायला धावू नका. दोन्ही सारखीच तिरकी आहेत ना, एवढं पाहा.

कॅनव्हासचा टप प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. दुमडलेला ठेवू की उभारलेला? (मडगाव)

दुमडलेला ठेवा. आतलं चामडं आणि डॅशबोर्ड दाखवण्यासारखे आहेत. फक्त दुमडलेला टप बॉडीत गडप होतो अशी अपेक्षा नको. त्या काळच्या जर्मन टपांना आत जाड अस्तर असे, म्हणून तो मागे गठ्ठा होऊन काठाच्या वर उठून दिसतो. तसाच दिसला पाहिजे.

पोतासाठी टिश्यू पेपरचा एकच पदर वेगळा करा. फेविकोलचा एक भाग आणि पाण्याचे दोन भाग असं करून टपावर लावा, पदर टाका आणि ओल्या ब्रशने घड्यांत दाबा. बारा तासांनी कडा कापा. रंग मॅट हवा. काळा हवा असेल तर पूर्ण काळा न देता गडद राखाडी द्या, आणि घड्यांच्या माथ्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट छटा ओढा. टपाच्या बाजूचे वाकडे लँडो दांडे मात्र चकचकीत क्रोमचे. मॅट कापड आणि चमकते दांडे यांचा हा विरोधच गाडीला जिवंत करतो.

किटमध्ये नंबरप्लेट कोऱ्या आहेत. आणि पुढच्या मडगार्डवर झेंडे लावावेत का? 'हिटलरची गाडी' म्हणून एकाने मॉडेल केलेलं पाहिलं. (दुबई)

युद्धाआधीच्या जर्मन पाट्या पांढऱ्या, त्यावर काळी अक्षरं. सुरुवातीचा रोमन आकडा प्रांताचा: एक प्रशियाचा, दोन बव्हेरियाचा, तीन व्युर्टेंबर्गचा. रोमन एकपुढे ए म्हणजे बर्लिन, दोनपुढे ए म्युनिक, तीनपुढे ए श्टुटगार्ट. त्यापुढे आडवी रेघ आणि आकडे. घरच्या लेझर प्रिंटरवर छापून पातळ कागद मागून घासा, नाहीतर पाटी फरशी दिसते.

झेंडे लावू नका. हिटलरच्या संचलनांतल्या गाड्या मुख्यतः याहून मोठ्या होत्या, ७७०के आणि तीन आसांची जी-४. ५४०के नाझी नेता गोअरिंगकडे होती हे खरं, पण या गाडीची ओळख तेवढीच नाही. अफगाणिस्तानचे राजे झहीर शाह यांच्यासाठी बनलेली ५४०के स्पेशल रोडस्टर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरली. २०२१ मध्ये त्याच स्पर्धेत जिंकलेली गाडीही ५४०केच, बंद छपराची ऑटोबानकुरिअर. रंग ठरवताना अशा गाड्यांचे फोटो पाहणं जास्त उपयोगाचं.

बॉनेट उघडी ठेवून इंजिन दाखवायचं आहे. काय जोडावं? (ठाणे)

थोडंच जोडा, पण मापात. प्लगच्या वायरी पहिल्या. अस्सल वायर साधारण सात मिलिमीटर जाड धरली तर १/२४ मध्ये ०.३ मिलिमीटर. वाइंडिंगवाल्याकडे ३० गेजची तांब्याची तार मागा, ती ०.३१५ मिलिमीटरची असते. विजेच्या वायरीतला सोललेला रबर लावाल तर इंजिनात साप सोडल्यासारखे दिसतील. ०.३५ च्या ड्रिलने हाताने भोकं पाडा आणि तारेला सेमीमॅट काळा रंग द्या.

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला उभा असतो. त्याच्या पंखांच्या खाचांत गडद राखाडी पाणी सोडा, माथे ॲल्युमिनियमचे राहू द्या. त्याच्याकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी विसरू नका, कारण या गाडीत हवा दाबून कार्ब्युरेटरमधून ढकलली जाते. किटमध्ये ती कधी कधी अर्धवटच दिलेली असते.

बॉनेटच्या बाजूने बाहेर येणाऱ्या धुराच्या लवचिक नळ्या किटमध्ये गुळगुळीत असतील तर बदला. मूळ नळीची जाडी कॅलिपरने मोजा, तिच्यापेक्षा ०.६ मिलिमीटर बारीक सोल्डरची तार घ्या आणि तिच्यावर तीच ३० गेजची तार चिकटून चिकटून गुंडाळा. सोल्डर मऊ असल्याने हवा तसा बाक येतो. वाकवा आधी, गुंडाळा नंतर असं केलंत तर वेढे सुटतात. आधी गुंडाळा, मग एकदाच वाकवा.

परदेशातून रंगाचे स्प्रे मागवले, पार्सल परत गेलं. (छत्रपती संभाजीनगर)

स्प्रेचे डबे आणि लॅकर ज्वालाग्राही म्हणून हवाई टपालात चालत नाहीत. किट, डेकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं), फॉइल, ब्लेड बाहेरून मागवा. रंग आणि थिनर देशातल्या दुकानदाराकडून, जो रस्त्याने पाठवतो. पाण्यावरचे ॲक्रिलिक पाठवणं सोपं पडतं, पण क्रोमखालच्या काळ्यासाठी त्यावर अवलंबून राहू नका.

वडिलांनी घेतलेलं पोखेरचं १/८ किट न उघडता पडून आहे. करायला घ्यावं का? (सिंगापूर)

घ्या, पण पहिला महिना काही जोडू नका. दोन हजारांहून अधिक भाग आहेत, प्लॅस्टिक, धातू, रबर, चामडं आणि शेकडो बारीक स्क्रू. सगळे भाग यादीशी पडताळून खोकेवार लावा. काय हरवलंय ते आत्ता कळणं बरं, चेसिस झाल्यावर नव्हे. टायर आणि नळ्या तपासा, जुने असतील तर कडक झाले असतील. स्क्रू घालण्यापूर्वी प्रत्येक भोकात योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू दाबून घातला की कडेला चीर जाते, आणि त्या चिरेला सिमेंट हा उपाय नाही.

धातूचे भाग रंगवण्याआधी ॲसिटोनने पुसा, पण तो बोळा प्लॅस्टिकपासून लांब ठेवा. या प्रमाणात रंगाच्या जाडीची काळजी खूपच कमी: ०.१ मिलिमीटर इथे ०.८ होतं, २.४ नाही. म्हणून इथे क्लिअर कोट मनसोक्त घासता येतो. वेळ कमी असेल तर इंजिनापासून सुरुवात करा. ते एकटंही टेबलावर ठेवण्याजोगं होतं.